घरच्या घरी ध्वनिमुद्रण : एका कारकुनाचा अनुभव

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जयंतीची गाणी, बारशाचे पाळणे, जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. यातली बरीच छापील मिळतील, परंतु एक गाणे कुठेच मिळणार नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसावर माझ्या आजीने सात कडव्यांचे गाणे रचले होते. आजीला लिहिता येत नव्हते. ते गाणे आज फक्त मावशीच्या गळ्यात आहे.

पूर्वी एका नातेवाइकाने ते टेपरेकॉर्डरवर घेतले होते. कॅसेट पेटीत राहिली, फितीला बुरशी लागली. पुढे मुलाने मोबाईलवर घेतले. घरात हौसेने पेटी आणि ढोलकी वाजत होती, आणि ऐकताना सगळीकडे ढोलकीच! म्हातारीचा आवाज कुठे खाली दबलेला. आता ढोलकी कमी करून आवाज वाढवावा म्हटले, तर ते होत नाही. सगळे एकात मिसळून गेलेले असते.

म्हणून मागल्या वर्षी बोनसच्या पैशातून एक वापरलेला डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेतला. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर मोबाईल म्हणजे रोजकीर्द, जे घडले ते ओळीने लिहिले. आणि मल्टिट्रॅक म्हणजे खतावणी. गायकाचे खाते वेगळे, पेटीचे वेगळे, ढोलकीचे वेगळे. एका खात्यात दुरुस्ती केली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि शेवटी सर्वांचा ताळेबंद मांडायचा. त्यालाच मिक्सडाऊन म्हणतात. संगणक लागत नाही. बटणे, खटके आणि एक छोटी पाटी, बस्स. माझ्यासारख्याला हेच सोयीचे.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांना १९५७ साली अँपेक्स कंपनीने आठ ट्रॅकचे यंत्र बनवून दिले. ते कपाटाएवढे होते. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे पोर्टास्टुडिओ काढले आणि स्टुडिओचे भाडे न परवडणाऱ्यांच्या घरात ही विद्या आली. १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या मोठ्या गायकाने अख्खी ध्वनिमुद्रिका त्यावर घरातच केली. आता फितीऐवजी बोटाच्या पेराएवढे कार्ड असते, एवढाच फरक.

मशीन घेताना दुकानदार ट्रॅकची संख्या सांगतो. आपण दुसराच प्रश्न विचारावा : एका वेळी किती ट्रॅक नोंदवता येतात? आठ ट्रॅकच्या पुष्कळ मशीनवर एका वेळी दोनच नोंदवता येतात. बाकीचे एकामागून एक. घरच्यासाठी दोन पुरतात. पूर्ण जलसा एकदम घ्यायचा असेल तर मात्र आठ माईक एकाच वेळी जोडता येणारे मोठे मशीन हवे.

माईक सुरुवातीला डायनॅमिक जातीचा घ्यावा. आपल्या कार्यक्रमात व्यासपीठावर असतो तोच. कंडेन्सर माईक नाजूक. त्याला मशीनकडून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो शेजारच्या घरातली शिट्टीसुद्धा पकडतो. आमच्या रावेतला एका अंगाला मुंबई-बेंगळुरू महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला चाललेली बांधकामे. त्यामुळे आम्ही रात्री अकरानंतर बसतो. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद. दारावर आणि समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या. माईक तोंडापासून एक वीत लांब. (फ्रीज परत चालू करायला विसरू नये. आमचे एक लिटर दूध गेले.)

आवाजाची पातळी कशी ठेवावी, यात नवे लोक चुकतात. कॅसेटवर काटा लाल रेषेवर गेला तरी ती सांभाळून घेई. डिजिटल सांभाळत नाही. शून्याच्या वर गेले की आवाज फाटलाच, मग दुरुस्ती नाही. म्हणून सर्वांत मोठ्या सुरालाही काटा उणे बाराच्या आसपास राहील असे ठेवावे.

आणि क्रम असा. प्रथम पेटीवर सूर पक्का करून मावशीने पेटीसह एकदा कच्चे गायचे. ते फक्त वाटाड्यासाठी. मग ते कानातल्या हेडफोनमध्ये ऐकत ढोलकी वाजवायची. मग खरे गाणे, मग घरातल्यांनी कोरस, तोही दोनदा वेगवेगळ्या ट्रॅकवर. चार माणसांचा आवाज आठांसारखा भरतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा, नाहीतर त्यातला आवाज माईकमध्ये शिरतो. मावशीला हेडफोन मुळीच सोसेना. शेवटी एक कान उघडा ठेवला.

वाचक बंधू-भगिनींनो, आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या रात्री मावशी विलक्षण गायली. सातही कडवी, एकही अडखळ नाही. त्यानंतर ढोलकी पुन्हा घ्यायची होती. मावशीच्या ट्रॅकचे नोंदणीचे बटण मी बंद केलेच नव्हते. लाल दिवा लुकलुकत होता, मी पाहिला नाही. ढोलकी तिच्याच गाण्यावर नोंदली गेली. केलेले मागे घेण्याचेही बटण असते, हे तिसऱ्या दिवशी पुस्तिका वाचताना कळले. तोवर मी त्यावर बरेच काही करून बसलो होतो. वीस वर्षे खतावणी लिहिणाऱ्या माणसाकडून हे व्हावे!

तेव्हापासून माझा नियम : ट्रॅक झाला की आधी लाल दिवा विझवायचा, मग प्रत काढायची, मगच पाणी प्यायचे. एका ट्रॅकला मिनिटाला पाच एमबीच्या आसपास जागा लागते. आठ ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे दोनशे एमबीच्या घरात जाते. ३२ जीबीच्या कार्डात दीडशेवर गाणी मावतात, म्हणून जागेसाठी काही पुसण्याचे कारण नाही. एक प्रत कार्डावर, दुसरी मुलाच्या संगणकावर, तिसरी भावाकडे.

हा उद्योग एकट्या आमच्या घरचा नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील बायांच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमच्या शेजारच्या मुळशी-मावळातल्या बाया त्यात पुष्कळ आहेत आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साह्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ते पारी या संस्थेमार्फत लोकांसमोर येत आहे. मावशीला त्यातल्या काही ऐकवल्या. ती म्हणाली, "हिचा सूर माझ्या आईसारखा."

मावशी नंतर पुन्हा गायली. तीन रात्री प्रयत्न केला. सहा कडवी आली, पाचवे काही केल्या आठवेना. "रात्री झोपेत येतं, सकाळी जातं," म्हणते. तिची धाकटी बहीण चाकणला मुलाकडे असते. तिला आठवत असेल, असा तिचा अंदाज आहे. मशीन सेलवरही चालते. येत्या रविवारी ते पिशवीत घालून, दोन गोधड्या बरोबर घेऊन आम्ही चाकणला निघणार आहोत. पाचव्या कडव्यासाठी एक ट्रॅक रिकामा ठेवला आहे.