पाच बशा, पाच वड्या

चॉकलेटची चव सांगायला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार मला मुळीच पटत नाही. रवाळ तूप, खुसखुशीत शंकरपाळे आणि मऊसूत पुरणपोळी ज्या भाषेने वेगवेगळी ओळखली, तिला एका वडीचे काय भय!

भाऊबीजेला माझी दोन भाचरे येतात. त्यांना अनारशांचे अप्रूप नाही, चॉकलेट हवे. आणि बाजारात तर एका वडीच्या किमतीत दुसऱ्या जातीच्या तीन वड्या येतात! महाग ते खरेच चांगले का, हे पाहावे म्हणून मी सुपरमार्केटातून डेअरी मिल्क, अमूल आणि स्विस लिंट आणली. धाकट्या दिरांनी अमेरिकेहून आणलेली हर्शी घरात होतीच. पाचवी नाक्यावरच्या दुकानातली, सर्वांत स्वस्त. कागद काढून बशांवर आकडे घातले आणि ह्यांना व लेकीला परीक्षक नेमले.

लिंट जिभेवर ठेवली की दातांना काम उरत नाही. हा गुळगुळीतपणा फुकटचा नव्हे. १८७५ साली वेवे येथे डॅनिएल पीटर ह्यांनी दुधाचे चॉकलेट साधले, तेव्हा मुख्य अडचण दुधातल्या पाण्याची होती. कोकोच्या स्निग्धांशाशी ते जुळेना, म्हणून आटवलेले दूध घ्यावे लागले. पुढे १८७९ मध्ये रोडोल्फ लिंट ह्यांनी ते मिश्रण तासन्तास घोटण्याची युक्ती काढली. श्रीखंडाचा चक्का फडक्यावर घासून गाळणाऱ्या गृहिणीला ह्यात नवल वाटू नये. कण सुमारे ३० मायक्रॉनच्या खाली गेला, की जिभेला तो कण म्हणून कळतच नाही.

डेअरी मिल्क अधिक गोड आणि दाट. हे चॉकलेट १९०५ साली इंग्लंडात निघाले. दूध, साखर आणि कोको एकत्र आटवून वाळवायचे, ही तिकडची जुनी रीत. त्यामुळे दुधाला खव्यासारखी भाजकी चव येते. अमूलमध्ये कोको अधिक ठसठशीत, असे आम्हां तिघांचेही मत पडले. हर्शी तोंडात घालताच लेकीने नाक मुरडले. तिच्यातल्या आंबूस छटेचे नाते ब्युटिरिक आम्लाशी जोडतात. खवट लोण्याचा वासही त्याचाच. अमेरिकेत लहानपणापासून ती चव घेतलेल्यांना मात्र तीच खरी वाटते.

पाचवी वडी टाळूला चिकटून बसली. वेष्टन पाहिले, तर कोकोच्या लोण्याऐवजी चक्क वनस्पती तूप! कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली; म्हणून वडी हातात टणक राहते नि तोंडात विरघळते. वनस्पती तुपाला हे नेमके साधत नाही. ह्यांनी मात्र हिलाच पहिला नंबर दिला. (चहात चार चमचे साखर घेणाऱ्याला परीक्षक नेमू नये.)

आमच्याकडे ऑक्टोबरात दुपारी पारा ३४च्या आसपास सहज जातो. वितळून पुन्हा गोठलेल्या वडीवर पांढुरकी साय येते. ती बुरशी नव्हे, वर आलेले लोणीच. खायला हरकत नाही, पण तो कट्‌कन मोडणारा ताठा गेलेला असतो.

भाचरांसाठी अमूल ठरली. उरलेली लिंट हवाबंद डब्यात, डाळींच्या मागे ठेवली आहे. ती माझी.