यीस्टला लागते थंडी!

बार्लीचं माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. बिअरला एवढंच लागतं. पण 'लागर' बिअर बनवायची तर आणखी एक गोष्ट मस्ट आहे, ती म्हणजे थंडी. अमेरिकेत १९७८मध्ये घरच्या घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. तिथल्या हौशी मंडळींचा खरा कस लागतो तो या थंडीपाशीच.

'एल' प्रकारच्या बिअरचं यीस्ट साधारण २० अंश सेल्सिअसला खूश असतं. लागरच्या यीस्टला मात्र १० ते १३ अंश हवेत. पारा वर गेला की बिअरला फळांसारखा नको तो वास येतो. गंमत म्हणजे साखर खाताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. त्यामुळे खोलीपेक्षा भांड्यातला द्रव तीन-चार अंशांनी गरम असू शकतो. म्हणून थर्मामीटर भिंतीवर लावून उपयोग नाही, तो भांड्यालाच चिकटवायचा! काही जण जुन्या फ्रिजला टेम्परेचर कंट्रोलर जोडतात, तर काही जण भांडं पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओला टी-शर्ट चढवतात. आपल्या माठाचाच फंडा!

आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस तापमान मुद्दाम १६-१८ अंशांवर नेतात. यीस्ट मग लोण्यासारखा वास देणारं डायअसिटाइल स्वतःच संपवतं. त्यानंतर शून्याच्या आसपास काही आठवडे मुक्काम. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवणं, नाव तिथूनच आलं.

फ्रिज नव्हते तेव्हा? बव्हेरियात १५५३च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडायची. हिवाळ्यातली बिअर थंड तळघरांत ठेवली जायची. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीत शीतयंत्र बसवलं आणि उन्हाळ्याची अडचण सुटू लागली.

आपल्याकडे विनापरवाना बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तो प्रयोग नकोच! पण इडलीचं पीठ आहे की. तिथले सूक्ष्मजीव वेगळे, तरी थंडीत पीठ फुगत नाही आणि मे महिन्यात रातोरात आंबट होतं. पुढच्या वेळी पिठात थर्मामीटर घालून तासातासाला आकडे लिहून ठेवा. आईला आधी सांगा मात्र!