द्राक्षाचा घड स्वहस्ते खुडताना

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ज्याला मालकाच्या अनुज्ञेने मांडवाखाली शिरून स्वहस्ते घड खुडण्याची मुभा मिळते, त्याला बाजारातील पेटी आणि वेलीवरचे फळ यांतील अंतर निराळे सांगावे लागत नाही.

येथील वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलातील खरड छाटणीने काडी सिद्ध व्हावी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीने तिच्यावर फळ धरावे, असा हा क्रम असून, त्या दुसऱ्या छाटणीपासून काढणीपर्यंत साधारणतः चार महिने लोटतात. आंबा ज्याप्रमाणे अढीत पिकतो त्याप्रमाणे द्राक्ष तोडल्यानंतर गोड होत नाही, तस्मात् त्याची परीक्षा वेलीवरच करणे इष्ट. शेवटची फवारणी केव्हा झाली याची रीतसर चौकशी करून, मगच घडाच्या टोकाचा एक मणी धुऊन चाखावा. वरच्या बाजूचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचे मागाहून, त्यामुळे टोक गोड लागले तर समस्त घड पक्व समजण्यास हरकत नाही.

घड सकाळच्या गारव्यात, मण्यांना स्पर्श न करता, देठ धरून कात्रीने कापावा. कारण मण्यांवरचा पांढुरका मेणचट थर हे फळाचा ओलावा राखणारे निसर्गदत्त आवरण होय, आणि नवखे पाहुणे नेमके तेच हौसेने पुसून काढतात!

निर्यातीसाठी राखलेल्या ओळींना मात्र हात लावू नये. तेथे बागाईतदाराची वर्षभराची मेहनत टांगलेली असते.