येळवशीचं जेवण जातं कुठं?

मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीच्या दिवशी, भालकी, औराद, आळंदकडची माणसं शेतावर जातात. भज्जी, उंडे, आंबील, खीर असं भरपेट जेवण होतं आणि मग झाडाखाली आडवं व्हायचं. माणूस निजतो, त्याचं शरीर मात्र कामाला लागलेलं असतं.

त्या कामालाच चयापचय म्हणतात. ज्वारीतल्या पिठूळ भागाची साखर होते, रक्तातून ती पेशीपेशीत पोचते आणि श्वासातल्या प्राणवायूच्या मदतीने तिच्यातली ऊर्जा मोकळी होते. लगेच न लागलेली साखर यकृतात आणि स्नायूंत साठते; त्याहून उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. डाळीतली प्रथिनं झिजलेल्या स्नायूंच्या डागडुजीला जातात.

ऊर्जा घामाच्या कामातच खर्च होते, असा आपला समज. पण बैठं काम करणाऱ्याची साठ-सत्तर टक्के ऊर्जा नुसतं जिवंत राहण्यात जाते: हृदय, यकृत, मूत्रपिंड, शरीराची ऊब. मेंदू वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण आराम करतानाच्या खर्चातला पाचवा हिस्सा त्याचा.

कष्टाचा फरक तरीही मोठा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या हिशोबानुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११० किलोकॅलरी लागतात, अंगमेहनतीच्या कामासाठी ३,४७०. तुरीची रास करणारा माणूस कलबुर्गीत दुकानाच्या गल्ल्यावर बसला आणि भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर वरचं सगळं साठतच जाणार.

हा साठा अंगावर दिसेलच असं नाही, हे जास्त काळजीचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हेच आढळलं: इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजन कितीतरी कमी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी फारशी घटलेली नाही. स्नायू हे साखर वापरणारं मोठं ठिकाण. ते कमी आणि पोटात चरबी जास्त, म्हणजे मधुमेहाला वाट मोकळी.

म्हणून ‘आमचा बाळू काटकुळा, त्याला कसली शुगर’ असं म्हणत बसू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बाईची ८०च्या पुढे गेली असेल, तर वजन कितीही कमी असो, रक्तातली साखर तपासून घ्यावी.