एक आणा आणि उलटा बोधिसत्त्व

घारापुरीच्या लेण्यातली त्रिमूर्ती साधारण अठरा फूट उंच. तीच १५ ऑगस्ट १९४९ ला पोस्टाच्या तिकिटावर आली तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावली. किंमत नऊ पै. स्वतंत्र भारताची रोजच्या वापरातली ही पहिली मालिका, एकूण सोळा तिकिटांची. तीन पैवर अजिंठा, सहा पैवर कोणार्कचा घोडा, दोन आण्यांवर नटराज, सहा आण्यांवर विजापूरचा गोल घुमट. आणि चित्तोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार रुपयांच्या तिकिटांवर.

ही वाटणी श्रेष्ठ-कनिष्ठतेची नव्हे. आण्या-पैची तिकिटं लाखांनी लागत, म्हणून ती लहान, एकरंगी आणि उठावाच्या ठशावरून छापलेली. अशा ठशात शाई वर आलेल्या भागाला लागते. बारीक रेषा फार दाटल्या की भरून जातात. त्यामुळे चित्रकाराला मूर्तीतलं बरंच गाळावं लागतं. नटराजाचं प्रभामंडल आणि उचललेला पाय राहिला की ओळख पटते, बाकीचं आपला डोळा भरून घेतो. रुपयांची तिकिटं मोठी आणि लिथोग्राफीने छापलेली.

उठावाच्या छपाईत ठसा उलटा असतो, आरशातल्यासारखा. कागदावर तो सुलटा होतो. या उलट-सुलटीत एक आण्याचं फिरोजी तिकीट फसलं. त्यावरचा बोधिसत्त्व डावा-उजवा बदलून छापला गेला. दुरुस्त तिकीट १५ जुलै १९५० ला निघालं, म्हणजे अकरा महिन्यांनी.

चूक कुठे झाली असेल? भिंगाखाली पाहिलं तर अक्षरं आणि आकडा सुलटेच दिसतात. म्हणजे दोष ठशाचा नाही. ठसा चुकता तर अक्षरंही फिरली असती. चित्रच आधी फिरलेलं होतं, अक्षरं त्यावर नंतर बसली. उलटं अक्षर पोस्टातल्या शिपायालाही खटकतं, उलटा हात खटकायला मूळ मूर्ती पाहिलेली असावी लागते. गोल घुमट किंवा कुतुबमिनार असा फिरला असता तर बहुधा कुणाला पत्ताही लागला नसता. मूर्तीला मात्र डावं-उजवं असतं: कुठला हात पुढे, मान कुठे कललेली, यावरच ती ओळखायची असते.

ही मालिका छापली नाशिकरोडच्या छापखान्यात. जुन्या अल्बममध्ये दोन फिरोजी बोधिसत्त्व शेजारी चिकटवलेले दिसले तर ‘डबल’ म्हणून एक काढून देऊ नका. आधी हात बघा.