पहाऱ्याचे पदक

बेळगावच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही गावे आहेत. १९२२ साली मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र बेळगावात आले आणि कवायतीचा बिगुल या शिवारांना भूपाळीइतका ओळखीचा झाला. अशा मुलखात पदक म्हटले की रणातला पराक्रमच आठवतो. पण निव्वळ पहाऱ्यासाठी दिलेल्या एका पदकाची हकीकतही ऐकण्याजोगी आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पुण्याची सहावी डिव्हिजन बसऱ्याकडे निघाली. तीत मराठा पलटणी होत्या. इथल्या बहुतेक खड्या गोऱ्या पलटणीही आघाडीवर गेल्या. मागच्या छावण्या राखायला विलायतेहून टेरिटोरियल, म्हणजे राखीव पलटणी आल्या. त्यांत कोणी कारकून, कोणी दुकानदार. फावल्या वेळात कवायत करणारी ही माणसे. समुद्रापार जाण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. ती कामगिरी त्यांनी आपखुशीने पत्करली होती.

युद्ध संपल्यावर मानाची वाटणी झाली. विजयपदक रणक्षेत्रात पाऊल टाकलेल्यांनाच मिळाले. छावणीतच वर्षे काढलेल्यांच्या वाट्याला ते आले नाही. त्यांच्यासारख्यांची उणीव भरून काढण्यासाठी एप्रिल १९२० मध्ये ‘टेरिटोरियल फोर्स वॉर मेडल’ काढण्यात आले. ते ब्राँझचे असून त्यावर स्वेच्छेने केलेल्या सागरापार सेवेचा उल्लेख आहे. सुमारे ३४ हजारांनाच मिळाल्यामुळे त्या युद्धाच्या पाच ब्रिटिश पदकांत हेच सर्वांत दुर्मिळ ठरले.

गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्याच्या साथीदाराला कोणी दाद देत नाही. पण त्याचा षड्ज ढळला तर ख्याल उभा राहत नाही. सरकारने आपल्या राखीव माणसांचे हे मोल ओळखले, हे चांगलेच झाले. परंतु तराजू सर्वांना सारखा नव्हता. त्याच युद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ शिपायाला चांदीचे मिळाले, आणि परमुलखात ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या हिंदी मजूर पलटणीतल्या माणसाला तेच ब्राँझचे! बंदूक हाती नसली तरी ऊन, आजार आणि घरापासूनचे अंतर त्याच्याही वाट्याला आलेच होते.

जुन्या घरांतल्या ट्रंकांतून अशी काळवंडलेली पदके अजून निघतात. चांदीचे नाही म्हणून ते मोडीत घालू नये. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत बहुधा नाव कोरलेले असते. आधी ते वाचावे. कित्येकदा त्या माणसाची एवढीच नोंद घरात उरलेली असते.