स्वतःची गाडी, स्वतःचा पाना (भाग ६) : पसरणी उतरण्याआधी

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर आहे, वाई सुमारे ७१५ मीटरवर. मधे पसरणीचा घाट. आता गाडी १९० किलोची धरा, वर दोन माणसं, मागे बांधलेल्या बॅगा; सगळं मिळून ३३५ किलोच्या आसपास. एवढं वजन पावणेसहाशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडतं, तिच्यावर सहा लिटर पाणी खळखळून उकळेल. हिशेब शाळेतलाच आहे, वजन गुणिले उंची गुणिले गुरुत्वाकर्षण. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने थेट पोलादपूरला उतरलात तर आकडा दुपटीच्याही पुढे जातो.

ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. चांगला मोठा वाटा टायरची घासण आणि समोरचा वारा खातात. उरलेली घ्यायला दोनच गिऱ्हाइकं असतात, इंजिन आणि ब्रेक. इंजिनाने किती घ्यायची आणि ब्रेकने किती, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं, आणि आपल्याकडचे बहुतेक जण सगळंच ब्रेकच्या गळ्यात घालतात. गेल्या भागात चेनचं बोललो. चेन डोळ्यांना दिसते, आवाज करते, म्हणून तिच्याकडे लक्ष जातं. ब्रेकमधलं ऑइल मात्र गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसाचंच असतं, आणि त्याची आठवण थेट घाटात होते.

आधी न्यूट्रलचा विषय संपवून टाकू. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं, हे साताऱ्याकडे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. माझा अंदाज असा की ही सवय टू-स्ट्रोकच्या काळातली आहे. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली काढलेल्या या कंपनीची प्रिया स्कूटर तेव्हा घरोघर होती. प्रिया काय, राजदूत काय, येझदी काय, सगळ्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये पळवली की इंजिन जोरात फिरायचं, पण पेट्रोल जवळपास नाही म्हणजे ऑइलही नाही. पिस्टन कोरडा पडायचा. त्यामुळे मधूनमधून क्लच दाबून गाडी मोकळी सोडणं त्या वेळी शहाणपणाचं होतं. शिवाय त्या इंजिनाचा उतारावर आवर असा फारसा नसायचाच.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीला ऑइल वेगळं असतं, ते पंपाने फिरतं. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. अशा गाडीचा ॲक्सिलरेटर उतारावर पूर्ण सोडला आणि इंजिन पुरेसं फिरत असलं, तर इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतो. चाक इंजिनाला फिरवतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केली तर मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारा माणूस पेट्रोलही घालवतो आणि ब्रेकही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम दुचाकीलाही लागू पडतो.

सांगलीहून निघणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पेठ नाक्याला हायवेला लागलात की कऱ्हाड, सातारा असा सरळ रस्ता. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये ब्रेक नावाला लागतो. त्यामुळे ब्रेकमधला दोष तिथे कळतच नाही. मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर गाठलं तरी कळत नाही, कारण चढावर ब्रेक लागतोय कशाला? पहिली खरी परीक्षा परतीच्या उतारावर, तीही मागे माणूस बसलेला असताना. म्हणून तपासणी सांगलीतच, घराच्या दारात करायची.

डिस्क ब्रेकचं ऑइल हे खरं तर ऑइल नसतंच, पण गॅरेजमध्ये सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात, आपणही तेच म्हणू. लिव्हर दाबली की हे द्रव दाब पोचवतं, कारण द्रव दाबून लहान होत नाही. अडचण अशी की ते पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. हँडलजवळच्या ऑइलच्या डबीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतीतून, हळूहळू. नवं कोरं डॉट ४ निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची हीच जोडी २०५ आणि १४० अशी आहे. घाटात ब्रेक धरून उतरणाऱ्याच्या कॅलिपरला दीडशे अंश म्हणजे फार लांबचा पल्ला नव्हे.

आणि उकळलं की काय होतं? वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. तुमच्या बोटांचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो, लिव्हर थेट हँडलला टेकते, गाडी तशीच पळत राहते. घाट उतरून चहाला थांबलात की अर्ध्या तासात ब्रेक पुन्हा ठणठणीत. 'काहीतरी हवा अडकली असेल' म्हणत माणूस पुढे निघतो. यासारखी फसवी गोष्ट गाडीत दुसरी नाही. एकदा असं झालं की ऑइल बदलायचंच, ब्रेक कितीही बरा वाटला तरी.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हवा पाहिली तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जत-आटपाडीकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. गाडी मात्र एकच, आज इथे उद्या तिथे. त्यामुळे दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आपण पश्चिमेकडे, कोयनानगर-कासच्या बाजूला राहत असलो तर सैल करू नये. किलोमीटर मोजून उपयोग नाही. गाडी उभी राहिली तरी ऑइल पाणी ओढतच असतं.

काम अवघड नाही. लागणारं सामान म्हणजे आठचा रिंग पाना (काही गाड्यांना दहाचा), फिश टँकच्या दुकानात मिळते तशी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, स्टार स्क्रूड्रायव्हर, चिंध्या, बादलीभर पाणी आणि डॉट ४ ची सीलबंद लहान बाटली. कोणतं ऑइल हे डबीच्या झाकणावर कोरलेलं असतं, तेच वापरा. डॉट ५ नावाचा सिलिकॉनचा प्रकार वेगळा, तो यात कधीच मिसळायचा नाही. गॅरेजच्या फळीवरची अर्धी वापरलेली, बूच सैल असलेली बाटली फुकट मिळाली तरी नको. तिने पाणी आधीच ओढलेलं असतं.

पेट्रोलच्या टाकीवर ओली चिंधी अंथरा, कारण हे द्रव रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. झाकणाचे स्क्रू बऱ्याचदा गंजून बसलेले असतात. आधी स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हलका ठोका द्या, मग फिरवा, नाहीतर खाचा झिजून पाऊण दिवस तिथेच जाईल. झाकण उघडा, आतलं जुनं काळपट ऑइल चिंधीने टिपून घ्या, नवं भरा. कॅलिपरच्या निपलवर पाना, त्यावर नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. घरातल्या कुणालातरी लिव्हरवर बसवा. त्याने दाबून धरायचं, तुम्ही पाना पाव फेरा सैल करायचा, ऑइल नळीत येईल, पाना आवळायचा, आणि मगच त्याने लिव्हर सोडायची. हा क्रम उलटा झाला की हवा आत. डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. दर पाच-सहा दाबांनी आत डोकवा. नळीतून येणारं ऑइल चहाच्या रंगाचं असतं ते फिकट पिवळं झालं की काम झालं. निपल आवळताना अंगातला जोर दाखवू नका, ते पोकळ असतं आणि मोडतं.

एबीएसचं काय, हा प्रश्न येणारच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं आहे. वरच्या पद्धतीने ऑइल बदलायला एबीएस आड येत नाही. डबी कोरडी पडून हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर मात्र ती काढायला सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागू शकतं. म्हणून डबीकडे लक्ष, हे पुन्हा सांगतो.

आता पॅड. पॅडच्या तोंडावर खाच असते. ती बुजत आली किंवा मसाला दीड मिलिमीटरच्या खाली गेला की नवे टाका. इथे एक गंमत आहे. पॅड झिजतात तसं डबीतलं ऑइल खाली जातं, कारण पिस्टन बाहेर येऊन ती जागा भरतो. ते पाहून काही जण वरून ऑइल भरतात. मग नवे पॅड घालायला पिस्टन मागे ढकलला की जादाचं ऑइल झाकणातून थेट टाकीवर. पातळी खाली गेली की आधी पॅड पाहा. पॅड जाड असूनही ती खाली असली तर गळती शोधा. नवे पॅड टाकल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं. पहिले दोनेकशे किलोमीटर नरमाईने. म्हणजेच सहलीच्या आदल्या रात्री पॅड बदलून सकाळी घाटात जाणं हा उत्साह चुकीच्या जागी आहे.

साखर कारखाने सुरू असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, वाळवा-पलूसकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते. पाणी पडलं की ती उडून कॅलिपरमध्ये जाते, सुकते आणि सिमेंट होते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या की एकच पॅड झिजतो आणि ब्रेक अर्धवट धरून राहतो. तपासायला गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवा. एखाद्या फेरीतच अडकून थांबलं तर पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे नको, त्याने रबर फुगतं. आणि मागच्या चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर जुना पुठ्ठा धरा. ऑइल लागलेली डिस्क पुसून भागतं, पॅडने ते प्यायलं तर पॅड टाकूनच द्यावे लागतात.

लक्षणांवरून दोष ओळखणं हे निम्मं काम. लिव्हर स्पंजासारखी लागते आणि भराभर दाबली की वर येते, तर आत हवा आहे. लिव्हर दगडासारखी घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर दोष ऑइलचा नाही. पॅड तापून त्यांच्या तोंडावर काच चढली आहे किंवा त्यांना तेल लागलंय. लिव्हर बोटांखाली ठेका धरल्यासारखी हलते, तर डिस्क वाकडी. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतणाऱ्यांना ही भेट हमखास मिळते. मागे ड्रम असेल तर हबवरचा झिजेचा काटा पाहा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर काटा खुणेच्या पलीकडे गेला तर रॉडचा नट आवळून काही होणार नाही, लायनर संपलेत.

मागच्या ब्रेकची आणखी एक तक्रार अशी की उतारावर तो पुढच्याच्या आधी जातो. कारण यांत्रिक नाही, पाय आहे. बुटाचं टोक पेडलवर टेकवून बसायची सवय असते. दाब नकळत, पण सतत. सतत घासणारा ब्रेक सतत तापतो, त्याला थंड व्हायला उसंत नाही. उतारावर ब्रेक लावायचा तो वळणाआधी, थोडा जोरात, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडून द्यायचा.

एवढं करूनही घाटात लिव्हर खाली गेलीच, तर ती भराभर दाबत राहा. बुडबुड्यांमागे थोडा दाब उभा राहतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली, एकदम दोन-तीन नव्हे, नाहीतर मागचं चाक घसरेल. दुसरा ब्रेक सांभाळून वापरा, गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या कठड्याकडे नको. थांबल्यावर अर्धा तास तरी हलू नका, आणि खाली पोचेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहा.

काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, इंजिन ऑइलच्या पिंपात मात्र परस्पर टाकू नका, ते वेगळं ठेवायला सांगा. पुढच्या आठवड्यात बॅटरी आणि चार्जिंग : सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो तेव्हा दोष बॅटरीचा, तारेचा की रेग्युलेटरचा, हे साध्या मल्टिमीटरने कसं ओळखायचं ते पाहू.